बँक आणि मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार तडीस कशी न्यावी

खात्यातून कोणत्या तरी अनोळखी नावाने रक्कम वजा झालेली असते, किंवा न मागितलेली एखादी सेवा सुरू होऊन मोबाइलचा बॅलन्स हळूहळू संपत असतो. आपण ग्राहक सेवा केंद्राला फोन लावतो, बराच वेळ वाट पाहतो आणि अखेरीस ‘तुमची तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत निराकरण होईल’ हे वाक्य ऐकतो. ४८ तास उलटतात आणि काहीच होत नाही. पुन्हा फोन केला की दुसरीच व्यक्ती बोलते आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर बहुतेक ग्राहक दोन-तीनशे रुपयांवर पाणी सोडतात.

माझ्या एका बचत खात्यातून दर तिमाहीला न मागितलेल्या सेवेचे शुल्क वजा होत असे. मी पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा मला आश्वासन मिळाले. त्यानंतर मी एक पानी अर्ज लिहिला, त्याच्या दोन प्रती काढल्या, एक शाखेत दिली आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घेतला. नवव्या दिवशी सर्व रक्कम खात्यात परत जमा झाली. मी फोनवर जे बोललो होतो तेच अर्जात लिहिले होते. फरक एवढाच होता की, तक्रार कधी केली याचा पुरावा आता माझ्या हातात होता.

हा फरक मोठा आहे. भारतात बँक आणि दूरसंचार ग्राहकाला मिळालेल्या जवळजवळ प्रत्येक हक्काला काही दिवसांची मुदत जोडलेली आहे, आणि मुदत मोजायची तर तक्रारीची तारीख सिद्ध करता यावी लागते. तारीख नसलेली तक्रार कितीही खरी असली तरी पुढच्या पायरीवर नेता येत नाही. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्याचा सगळा भर तारखा, क्रमांक आणि कोणत्या दिवशी कोणाकडे जायचे यावर आहे.

फसवणुकीने पैसे गेले असतील तर आधी हे करावे

बाकी सर्व तक्रारींना एक-दोन दिवस थांबता येते, या तक्रारीला थांबता येत नाही. आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसताच पहिला फोन बँकेला करून कार्ड, यूपीआय किंवा नेट बँकिंग बंद करायला सांगावे. हा क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून घेऊ नये, कारण बँकेच्या नावाने खोटे ग्राहक सेवा क्रमांक पसरवणे हीच फसवणुकीची एक रुळलेली पद्धत झाली आहे. दुसरा फोन १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर करावा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने पुढे सरकवले जातात. ते मधल्या एखाद्या खात्यात गोठवता आले तरच परत मिळण्याची खरी आशा असते, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, म्हणजे नुकसानीतला किती वाटा त्याने सोसायचा, हे ठरवून दिले. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते, मग त्याने कळवलेले असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत इतरत्र कुठे तरी झाली आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्यच राहते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते: मूलभूत बचत खात्यासाठी कमाल ५,००० रुपये, इतर बचत खात्यांसाठी आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी कमाल १०,००० रुपये, आणि त्यापेक्षा मोठ्या मर्यादेच्या कार्डांसाठी कमाल २५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते. संदेश मिळाला तो दिवस या मोजणीत धरला जात नाही.

ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. मात्र कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते, आणि ही बाब शाखेत सहसा कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून चूक स्वतःची झाली आहे असे वाटले तरी लाजून गप्प बसू नये. याच परिपत्रकानुसार कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. ‘ओटीपीने व्यवहार झाला, म्हणजे तो तुम्हीच केला’ असे उत्तर मिळाल्यास हा भार कोणावर आहे याची लेखी आठवण करून द्यावी.

अर्ज लिहिण्यापूर्वी काय जमवावे

एक साधी वही किंवा फाईल करावी आणि तिच्यात प्रत्येक घडामोड तारीख व वेळेसह लिहावी: फोन कधी केला, कोण बोलले, तक्रार क्रमांक काय दिला, किती दिवसांचे आश्वासन दिले. बँकेचे आणि कंपनीचे एसएमएस पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे घ्यावेत. खातेउताऱ्याची प्रत काढून वादातील नोंद पेनने अधोरेखित करावी. यूपीआय व्यवहार असेल तर बारा अंकी संदर्भ क्रमांक, एटीएमचा असेल तर यंत्राचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ टिपून ठेवावी. मोबाइल अ‍ॅपवर चॅट करून तक्रार केली असेल तर ते संभाषण त्याच दिवशी जतन करावे, कारण नंतर ते अ‍ॅपमध्ये सापडेलच असे नाही.

फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यावर चिडण्यात शक्ती घालवू नये. बहुधा तो बँकेचा किंवा कंपनीचा थेट नोकरही नसतो. त्याच्यासमोर ठरावीक उत्तरांचा पडदा असतो आणि ठरावीक रकमेपलीकडे परतावा देण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच्याकडून मिळवायची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे तक्रार क्रमांक. तो मिळाला की आभार मानून फोन ठेवावा आणि अर्जाला बसावे.

अर्ज: एक पान, एक मागणी

तक्रारीचा अर्ज एका पानाचा असावा. त्यात आधी काय घडले ते तारखांसह लिहावे, मग कोणता नियम मोडला गेला ते, मग नेमके काय हवे आहे ते, आणि शेवटी किती दिवसांत हवे आहे ते. आपल्याला किती मनस्ताप झाला याचे वर्णन एका वाक्यापलीकडे वाढवू नये. वाचणारा अधिकारी रक्कम, तारीख आणि मागणी शोधत असतो आणि ती सापडली नाही तर अर्ज ‘माहितीसाठी’ म्हणून बाजूला पडतो. नमुना असा घेता येईल:

‘विषय: बचत खाते क्रमांक … मधून एटीएम व्यवहारात वजा झालेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय, दिनांक … रोजी … वाजता … येथील एटीएम यंत्र क्रमांक … मधून मी १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. रोख रक्कम मिळाली नाही, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली. मी त्याच दिवशी दूरध्वनीवरून तक्रार केली, तिचा क्रमांक … आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत जमा होणे आवश्यक होते. ती अद्याप जमा झालेली नाही. तरी मूळ रक्कम आणि सहाव्या दिवसापासून प्रतिदिन १०० रुपयांप्रमाणे भरपाई माझ्या खात्यात जमा करावी. मागणी नाकारायची असल्यास त्या वेळच्या यंत्राच्या नोंदीची आणि रोख ताळमेळाची प्रत देऊन कारणे लेखी कळवावीत. ३० दिवसांत निराकरण न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे दाद मागेन.’

शेवटच्या दोन वाक्यांचे महत्त्व मला विशेष वाटते. एटीएमच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद यंत्रात राहते, आणि पैसे बाहेर आले नसतील तर रोखीचा ताळमेळ करताना तेवढी रक्कम जास्त निघते. ग्राहकाला हे ठाऊक आहे असे दिसले की ‘व्यवहार यशस्वी’ एवढ्या दोन शब्दांवर तक्रार बंद करणे अवघड जाते. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार आपले खाते असलेल्या बँकेकडेच करायची असते.

अर्ज शाखेत दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही अशी पोच घ्यावी. कोणी पोच देण्यास टाळाटाळ केली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवरही पाठवावा. संकेतस्थळ खरे आहे ना याची खूण म्हणून आता बँकांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या अक्षरांनी संपतात.

कोणता नियम लिहावा

अर्जात नियमाचा उल्लेख असला की उत्तराची भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे. वर उल्लेखलेल्या २०१९ च्या परिपत्रकात अयशस्वी व्यवहारांच्या मुदती आहेत. आयएमपीएस (खात्यातून खात्यात लगेच रक्कम पाठवण्याची बँकांची सेवा) किंवा यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम खात्यातून गेली पण समोरच्याला पोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात परत यायला हवी. दुकानदाराला यूपीआयने केलेल्या भरण्यासाठी, दुकानातील कार्ड यंत्रावरील व्यवहारासाठी आणि एटीएमसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यावर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते आणि ती ग्राहकाने न मागताही द्यायची असते. मात्र आपणच चुकीचा क्रमांक टाकून भलत्याच व्यक्तीला पैसे पाठवले असतील तर हा नियम लागू होत नाही. व्यवहार तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झालेला असतो आणि ज्याला पैसे मिळाले त्याच्या संमतीवर बरेच अवलंबून असते, म्हणून तशा वेळी बँकेला तत्काळ कळवावे.

किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार शिल्लक कमी पडल्यावर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचे असते आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा असतो. दंड सरसकट नसावा, जेवढी शिल्लक कमी पडली तेवढ्याच्या प्रमाणात असावा, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. दंड लागला की दोन प्रश्न लेखी विचारावेत: सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने पाठवली, आणि हिशेब कसा केला. सरासरी मासिक शिल्लक म्हणजे महिन्यातील प्रत्येक दिवसाच्या अखेरच्या शिल्लकेची बेरीज भागिले दिवस. हा हिशेब खातेउताऱ्यावरून घरीही करता येतो आणि तो स्वतः करून पाहिल्यावर दंड बरोबर होता असेही कधी दिसून येते. तसे दिसले तर तक्रार करू नये.

क्रेडिट कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर, थकबाकी पूर्ण भरलेली असल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. तसे न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देय होतात. न मागता कार्ड पाठवून त्याचे शुल्क लावले असेल तर ते शुल्क परत करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. हे दोन्ही नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत काढलेल्या निर्देशांतील आहेत. गृहकर्ज पूर्ण फेडल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. १ डिसेंबर २०२३ पासून, विलंब बँकेमुळे झाला असेल तर, त्याबद्दल दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. पतमाहिती अहवालातील, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीतील, चूक दुरुस्त करण्यासाठी अर्ज केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो.

कर्ज किंवा लॉकर देताना विमा घेण्याची सक्ती होते तेव्हा ती बहुधा तोंडी असते, लेखी कधीच नसते. ‘विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे लेखी द्या’ अशी शांतपणे केलेली मागणी अनेकदा पुरेशी ठरते. पॉलिसी गळ्यात पडलीच असेल, तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत विमा कंपनीकडे ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो. ही मुदत चुकवू नये, कारण नंतर फसवून विकल्याचे सिद्ध करणे फार कठीण जाते.

तीस दिवसांनंतर लोकपाल

बँकेने तक्रार नाकारली, अर्धवट मान्य केली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तिने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन जुन्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. तेव्हापासून ग्राहकाला आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते हे शोधावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार व्यवस्थापन पोर्टलवर, म्हणजे सीएमएसवर, तक्रार भरता येते किंवा चंदीगड येथील केंद्रीकृत केंद्राकडे टपालाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. फी नाही आणि वकिलाची गरज नाही.

हे तीस दिवस बँकेकडे पुराव्यानिशी केलेल्या पहिल्या तक्रारीपासून मोजले जातात. शाखा, मग विभागीय कार्यालय, मग प्रधान नोडल अधिकारी अशा प्रत्येक पायरीवर नव्याने ३० दिवस थांबण्याची आवश्यकता नाही, तसे कोणी सांगितले तरीही नाही. बँकेतील अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे नाकारायच्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या बँकेतल्याच अधिकाऱ्याकडे, ग्राहकाला थेट जाता येत नाही. तक्रार नाकारण्यापूर्वी ती त्याच्यासमोर ठेवणे ही बँकेची जबाबदारी आहे.

अनेक तक्रारी गुणदोषांचा विचार न होताच बंद होतात, आणि त्याची कारणे टाळता येण्यासारखी असतात. पहिले कारण म्हणजे बँकेकडे आधी तक्रारच केलेली नसते. दुसरे, बँकेला लिहिलेल्या पत्राची केवळ प्रत लोकपालाला पाठवलेली असते. अशी प्रत तक्रार धरली जात नाही, तक्रार थेट लोकपालालाच उद्देशून असावी लागते. तिसरे, त्याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असते. चौथे, कर्ज का दिले नाही, व्याजदर कमी का केला नाही असा बँकेच्या व्यावसायिक निर्णयाचा विषय असतो, आणि त्यात लोकपाल पडत नाही. पोर्टलवरील अर्जात पहिल्या तक्रारीची तारीख अचूक भरावी आणि पोच, बँकेचे उत्तर व खातेउतारा एकाच क्रमाने जोडावा. मुदत संपल्यावर रेंगाळू नये. ३१व्या दिवशी अर्ज करता येत असेल तर त्याच आठवड्यात करावा.

२०२१ च्या योजनेत लोकपालाला झालेल्या नुकसानीपोटी २० लाख रुपयांपर्यंत आणि वेळ, खर्च व मनस्ताप यांपोटी वेगळे एक लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दिला गेला. रिझर्व्ह बँक अशा रकमा आणि मुदती वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरील चालू योजना वाचून घ्यावी. लोकपाल आधी तडजोडीचा प्रयत्न करतो आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. निवाडा झाल्यास ग्राहकाने तो मान्य असल्याचे पत्र मुदतीत बँकेकडे द्यावे लागते, आणि २०२१ च्या योजनेत ही मुदत ३० दिवसांची आहे. हे पत्र दिले नाही तर निवाडा रद्दबातल ठरतो. जिंकलेली तक्रार केवळ या विस्मरणापायी हातची जाऊ नये.

पतसंस्थेतील ठेवीबाबत मात्र हा मार्ग उपलब्ध नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या निबंधकांच्या देखरेखीखाली असते, आणि बँकेतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षणही तिथल्या ठेवींना नसते. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते.

सरकारी बँकेच्या बाबतीत आणखी एक साधन हाती असते, आणि ते पुरेसे वापरले जात नाही. या बँका माहिती अधिकार कायद्याखाली येतात. आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींची प्रत द्यावी, असा अर्ज १० रुपये शुल्क भरून करता येतो आणि त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अनेक वेळा उत्तर येण्यापूर्वी मूळ तक्रारच सुटते.

मोबाइल कंपनी: येथे लोकपाल नाही

दूरसंचार क्षेत्रात ग्राहकासाठी बँकांसारखा लोकपाल नाही, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ट्रायला पत्र लिहून महिनोन्‌महिने वाट पाहणारे ग्राहक मी पाहिले आहेत. तो वेळ वाया जातो. ट्रायने २०१२ मध्ये केलेल्या तक्रार निवारण विनियमांनी कंपनीच्या आतच दोन पायऱ्या घालून दिल्या आहेत आणि त्या क्रमाने चढाव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे कंपनीचे तक्रार केंद्र. १९८ वर फोन करून तक्रार नोंदवावी आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा. तो एसएमएसनेही यायला हवा. तक्रारीच्या प्रकारानुसार निराकरणाची मुदत वेगवेगळी असते, म्हणून क्रमांक घेतानाच ‘ही किती तारखेपर्यंत सुटायला हवी’ हे विचारून लिहून ठेवावे. केवळ चौकशी केली आणि डॉकेट क्रमांक घेतलाच नाही, तर तक्रार झालीच नाही असे समजावे.

दुसरी पायरी म्हणजे कंपनीचे अपील प्राधिकारी, म्हणजे तक्रार केंद्राच्या उत्तरावर फेरविचार करणारे कंपनीतलेच अधिकारी. उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपिलाला फी नाही, ते ईमेलने करता येते आणि ३९ दिवसांत निकाली काढावे लागते. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत कंपनीच्या प्रतिनिधीबरोबर ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी असतो. बहुतेक ग्राहकांना ही पायरी आहे हेच माहीत नसते, त्यामुळे ते तक्रार केंद्राशीच पुन्हा पुन्हा भांडत राहतात. प्रत्येक कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्यांचा पत्ता व ईमेल ट्रायच्या तक्रार देखरेख पोर्टलवर मिळतो.

न मागता सुरू झालेल्या सशुल्क सेवांबद्दल नियम स्पष्ट आहे: ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय मूल्यवर्धित सेवा, म्हणजे कॉलर ट्यूनसारखी जादा शुल्काची सेवा, सुरू करता येत नाही. म्हणून ‘तुम्हीच चालू केली असेल’ या उत्तरावर दोन्ही संमतींची तारीख, वेळ आणि मार्ग मागावा. अशी सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे. प्रीपेड ग्राहकाला बिल येत नाही, त्यामुळे पैसे कुठे गेले हे कळत नाही असे समजले जाते. वस्तुतः त्यालाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार वापर ५० रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या शुल्कात मागता येतो.

जाहिरातींच्या कॉल व संदेशांसाठी १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर आपली पसंती नोंदवावी. त्यानंतरही त्रास चालू राहिल्यास संदेश किंवा कॉल आल्यापासून सात दिवसांत तक्रार करावी. जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारी आणि बँकांसारख्या वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी बँकेच्या नावाने बोलू लागले तर तिथेच संशय घ्यावा. आपल्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. त्यात अनोळखी क्रमांक दिसल्यास तो तिथूनच कळवता येतो, आणि ही तपासणी प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सेवेलाच कंटाळून कंपनी बदलायची असेल, तर इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवावा. मिळालेला कोड बहुतेक ठिकाणी चार दिवस चालतो आणि त्याच परिमंडळात (दूरसंचार सेवेच्या विभागात) बदल तीन कामकाजाच्या दिवसांत होतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसल्यास किंवा पोस्टपेडची थकबाकी असल्यास विनंती नाकारली जाते, आणि सिम बदलून घेतल्यावर पहिले सात दिवस कोड मिळत नाही. पोस्टपेड ग्राहकाने एक काळजी जरूर घ्यावी. क्रमांक नव्या कंपनीकडे गेल्यानंतरही जुन्या कंपनीचे अखेरचे बिल येते. ते भरायचे राहिले तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून क्रमांक बंद करवू शकते. बिल भरल्याची पावती आणि थकबाकी नसल्याचे ईमेलवरील उत्तर जपून ठेवावे. जुन्या कंपनीविषयी तक्रार चालू असेल, तर बदलापूर्वीच डॉकेट क्रमांक घेतलेला असावा, कारण एकदा क्रमांक गेला की तिचे अ‍ॅप आणि त्यातील जुन्या नोंदी पुन्हा उघडता येतीलच असे नाही.

शेवटची पायरी: ग्राहक आयोग

आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. पण लहान रकमांच्या बाबतीत तेवढे पुष्कळदा पुरते. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल करता येते आणि आपली बाजू स्वतः मांडता येते.

मोबाइल कंपन्या पूर्वी आयोगासमोर असा आक्षेप घेत असत की, जुन्या टेलिग्राफ कायद्यामुळे दूरसंचाराच्या तक्रारी आयोगाला ऐकता येत नाहीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला आणि दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात असे स्पष्ट केले. आजही एखाद्या उत्तरात तो आक्षेप आला तर या निर्णयाचा दाखला द्यावा.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे यावे लागते. लोकपालाकडे किंवा अपील प्राधिकाऱ्याकडे गेलेला काळही यातच धरून नियोजन करावे, म्हणजे नंतर उशिराच्या माफीचा अर्ज करावा लागत नाही. सोबत घटनाक्रमाचा तारीखवार तक्ता, पहिल्या अर्जाची पोच, डॉकेट क्रमांकाचा एसएमएस, उत्तरांच्या प्रती आणि मागणीचा हिशेब जोडावा. मागणीत मूळ रक्कम, तीवरील व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे चार आकडे वेगवेगळे दाखवावेत, आणि ते वाजवी असावेत. ५०० रुपयांच्या वजावटीसाठी ५ लाखांची भरपाई मागितली की खऱ्या मागणीकडेही अविश्वासाने पाहिले जाते. निकालाला कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांपेक्षा बराच जास्त काळ लागू शकतो, याची मनाशी तयारी ठेवावी. आदेश आपल्या बाजूने झाला आणि तरीही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला कायद्याच्या कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि अर्जात या कलमाचा उल्लेख असावा.